स्किमरला फोडलेला नारळ

लातूरच्या माझ्या साडूनं मला फसवलं. दिलीपराव त्याचं नाव. हे मी चिडून म्हणत नाही, शांतपणे सांगतोय. (चिडणं वेगळं आहे, ते पुढे येईल.)

मुळात मी फसणारा माणूस नाही. नांदेडात पत्र्याच्या टपरीत बसून लोकांच्या पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देता देता मी पंप आणि पाइपांचं स्वतःचं दुकान उभं केलं. शिक्षण नववी. भांडवल आवाज. आजही मी बाजारात शिरलो की भाजीवाल्या एकमेकींना खूण करतात आणि सरळ शेवटचा भाव सांगून टाकतात, म्हणजे त्यांची लवकर सुटका होते. भाव ठरला की माझा एकच प्रश्न असतो, "वर काय देता?" कोथिंबिरीची जुडी असो की पाच एचपीची मोटार, वर काहीतरी घेतल्याशिवाय मी पिशवी उचलत नाही. माझ्या लग्नात सासऱ्यांनी टॉवेल-टोपी हातात दिली, तेव्हासुद्धा सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वर काय?"

सासरे थंडपणे म्हणाले, "धाकटीचं लग्न झालं की वर एक साडू भेटल."

तो भेटला.

दिलीपराव लातूरला एका क्लासात जीवशास्त्र शिकवतात. म्हणून दहावी झाल्यावर आमची ऋतुजा मी त्यांच्या घरी ठेवली. लातूरला पोरगी ठेवायची आणि दोन वर्षांनी डॉक्टरकीला लावून परत आणायची, असा आमच्याकडे साधा समज आहे. तिथल्या चौकाचौकांत हुशार पोरांचे फोटो लावलेले बोर्ड बघून मी ऋतुजाच्या फोटोची जागासुद्धा हेरून ठेवली होती. कडुलिंबाच्या अलीकडचा बोर्ड. सकाळचं ऊन नेमकं चेहऱ्यावर पडतं.

निकाल लागला. मार्क असे पडले की सरकारी कॉलेजच्या दारापर्यंत जातील, पण वॉचमन आत सोडणार नाही. मी म्हटलं, हरकत नाही, एक वर्ष रिपीट. तर पोरगी म्हणते कशी,

"पप्पा, मला डॉक्टर व्हायचंच न्हाई. मला समुद्रातल्या जिवांचं शिकायचंय. कोकणात कॉलेज हाय."

"समुद्रातल्या? अगं, आपल्या सात पिढ्यांत कुणी समुद्र बघितला न्हाई!"

"मी बघितलाय."

"कुठं?"

"काकांच्या हॉलमध्ये."

दिलीपरावांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. तिच्यात रंगीत मासे, मोठाले दगड आणि दगडांवर प्रवाळ, फुलासारखं उघडणारं आणि मिटणारं. मी ती कितीदा तरी पाहिली होती. मला वाटलं, शोभेची आहे. इकडे माझी पोरगी दोन वर्षं पुस्तक धरून बसत होती आणि पुस्तकाच्या मागे ती टाकी होती! म्हणजे माणसाच्या पोटाची चिरफाड शिकायला पाठवलेली पोरगी साडूनं मासे दाखवून फितवली. ही पहिली फसवणूक. मोजत राहा.

घरात आठ दिवस आरडाओरडा झाला. (माझाच. सुनंदा आणि ऋतुजा दोघी वेळेवर जेवत होत्या.) नवव्या दिवशी पोरीनं सौदा मांडला. शेवटी रक्त माझंच.

"पप्पा, तशी टाकी मी आपल्या घरी ठेवून दाखवते. एक महिना सगळं जिवंत राहिलं तर कॉलेजच्या फॉर्मवर सही करायची."

"तीन महिने."

"फॉर्मची शेवटची तारीख दीड महिन्यावर हाय, पप्पा."

"मग चाळीस दिवस. आणि वर काय?"

ती तयारीनंच आली होती. "वर... एक जरी जीव मेला, तरी मी गुमान रिपीट करते."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा. पण एक अट हाय. मशीन सगळी तुम्हीच निवडायची."

मला हसू आलं. ही काय अट झाली? आमच्या घरात मिक्सरचं भांडंसुद्धा माझ्याशिवाय कुणी निवडत नाही! (इथे मला शंका यायला पाहिजे होती. आली नाही.)

दुसऱ्याच दिवशी आम्ही लातूर गाठलं. टाकीत घालायचे जीव दिलीपराव त्यांच्याच टाकीतले देणार होते : दोन नारंगी मासे पांढऱ्या पट्ट्यांचे, प्रवाळाचे पाच तुकडे, एक गोगलगाय आणि जुने दगड.

"हे दगड जिवंत असतात, भाऊ," दिलीपराव मास्तरी आवाजात म्हणाले. "त्यांच्या आत बारीक जंतू राहतात, ते पाणी शुद्ध करतात."

"दगड जिवंत? मग त्यांचं आधार कार्ड काढा की!"

 ऋतुजा त्या दगडांवर ओला कपडा असा टाकत होती, जसं बाळंतिणीच्या पोराला गुंडाळतात.

मशीनसाठी आम्ही गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत गफूरभाईंकडे गेलो. दुकान माझ्या जुन्या टपरीएवढंच, पण भिंतीभर पाणी. मी शिरल्या शिरल्या स्टुलावर बसलो. (उभं राहून सौदा करणारा माणूस घाईत आहे हे दुकानदाराला कळतं. बसावं, आणि पाणी मागावं.)

"गफूरभाई, पाणी गाळायचं मशीन दाखवा. भारीतलं."

"टाकी कित्ती फुटाची हाय, शेठ?"

"तीन फूट. पंप किती एचपीचा बसंल?"

गफूरभाईंनी एकदा दिलीपरावांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "एचपी? शेठ, मछली हाय. ऊस न्हाई."

आधी त्यांनी बाहेरून लावायचा एक बंद डबा दाखवला. आत स्पंज, खडे, असं बरंच काही. स्वस्तही होता. पण दिलीपराव मध्ये पडले. "भाऊ, यात घाण अडकते, पण राहते पाण्यातच. धुवायला आठ दिवस उशीर झाला की आतल्या आत सडते. गोड्या पाण्याच्या माशांना चालतं. प्रवाळ नाजूक असतं."

दुसरा प्रकार मला बघताक्षणी आवडला. मोठ्या टाकीच्या खाली अजून एक टाकी ठेवायची. वरचं पाणी पाइपानं खाली उतरवायचं, खाली गाळायचं आणि पंपानं पुन्हा वर चढवायचं. म्हणजे खाली हौद आणि वर टाकी. तीस वर्षं मी दुसरं काय विकलं? आणि त्या खालच्या टाकीत बसतो स्किमर. स्किमर म्हणजे एक उभं नळकांडं.

"खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडतात," दिलीपराव म्हणाले, "घाण त्यांना चिकटते, फेस होऊन नळकांड्यातून वर चढते आणि वरच्या कपात पडते. गुऱ्हाळात कढईवरची मळी काढतात न्हाई का? तसंच. फक्त चूल न्हाई."

वा! दिवसभर काय काम केलं ते संध्याकाळी कपात दाखवणारं मशीन! असा नोकर मला आजवर मिळाला नव्हता.

स्किमर दोन मापांत होता. लहान, तीन फुटी टाकीचा. मोठा, सहा फुटीचा. मी मोठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा. लहानाच्या भावात."

गफूरभाईंनी कानाला हात लावला. "बडा नक्को शेठ! तीन फुटाला बडा भुका रहेगा."

"मशीन कधी उपाशी राहतं का!"

"भाऊ, टाकीच्या मापाचं घ्या," दिलीपराव हळूच म्हणाले.

"तुम्ही पोरांना बेडूक शिकवा, दिलीपराव. मोटारी मला शिकवू नका."

मग मी कामाला लागलो. दोनदा उठून गेलो. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, कुणी हाक मारली नाही, म्हणून चप्पल अडकल्याचं निमित्त करून परत आलो. दुसऱ्यांदा रस्त्यापलीकडे गेलो आणि उसाचा रस प्यायलो. तिसऱ्यांदा उठायच्या आतच गफूरभाईंनी हात जोडले. "लेके जाव शेठ. मेरे कू नमाजला जायचंय."

"वर काय देता?"

त्यांनी डोळे मिटले, फळीवरून एक लहान खोकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की शेजारच्या बादलीतलं साधं पाणी आपोआप भरणारं ते यंत्र होतं. एक तरंगता खटका आणि एक पिटुकला पंप. मी विजयानं दिलीपरावांकडे बघितलं. दिलीपराव भिंतीकडे बघून चष्मा पुसत होते. खांदे हलत होते. मला वाटलं, हेवा.

नांदेडला आल्यावर टाकी मांडणं मी स्वतःच्या हातात घेतलं. ऋतुजानं सांगितलं, की आधी बोअरचं पाणी आरओच्या मशीनमधून काढून गोडं करायचं, आणि मग त्यात विकतचं मीठ घालून ते खारं करायचं.

"अगं, आपलं बोअर मुळातच खारं हाय! तेच ओत की!"

"ते वेगळं खारं, पप्पा."

खाऱ्यात वेगळं काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. असो. वर मिळालेल्या त्या यंत्राशेजारी ती लहान बादली ठेवायला निघाली.

"एवढीशी बादली?"

"लहानच ठेवतात, पप्पा. खटका बिघडला, तर बादलीभरच पाणी जास्त जाईल. जास्त साधं पाणी गेलं तर मीठ कमी होतं, मग जीव जातात."

"पाण्याला लहान भांडं ठेवणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मला न्हाई!" असं म्हणून मी दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला. काठोकाठ भरला. वर झाकणही ठेवलं. शिवाय लाइट गेली तरी काही थांबू नये, म्हणून टाकीचा सगळा बोर्ड घरच्या इन्व्हर्टरवर जोडून टाकला. मी निवडलेलं मशीन लाइटवाल्यांच्या मर्जीवर चालणार नाही!

बटण दाबायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात नारळ होता. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. शेतकरी बोअरमध्ये मोटार सोडतो तेव्हा आधी हळद-कुंकू, मग नारळ, आणि मग स्टार्टर. बिननारळाची एकही मोटार माझ्या दुकानातून चालू झालेली नाही. पण ऋतुजा टाकीपुढे हात पसरून उभी राहिली.

"पप्पा, पाण्यात काहीही पडता कामा न्हाई. अगरबत्तीसुद्धा न्हाई."

नारळ देवघरात गेला. माझ्या मनाला मात्र टोचणी लागून राहिली.

आणि झालंही तसंच! पंप फिरतोय, बुडबुडे उठताहेत, मासे मजेत आहेत, प्रवाळ उघडलंय. पण कपात? काही नाही! पहिल्या दिवशी कोरडा. पाचव्या दिवशी कोरडा. दहाव्या दिवशी तळाला चहाच्या गाळाएवढा एक डाग. सहा फुटी टाकीचं मशीन आणि कमाई एक डाग! मला चैन पडेना. जेवता जेवता उठून मी कप बघायचो. दुकानातून मधेच घरी यायचो, कप बघायचो, परत जायचो. गिऱ्हाईक समोर पाइप मोजत उभं असायचं आणि मी सुनंदाला फोनवर विचारत असायचो, "आला का फेस?"

"तुमच्याच तोंडाला आलाय," ती म्हणायची.

दिलीपरावांना तर मी दिवसातून पाचदा फोन लावायचो.

"दिलीपराव, मशीन काम करून राहिलं न्हाई!"

"भाऊ, टाकीत घाण न्हाई, तर काढंल काय ते? चांगलंच हाय की!"

"मग मी मशीन घेतलं कामून?"

पलीकडून मग आमच्या मेहुणीचा हसण्याचा आवाज.

शेवटी मीच उपाय शोधला. मशीनला काम नाही ना? काम द्यायचं! ऋतुजा अंघोळीला गेली की मी माशांना गुपचूप जास्तीचं खाणं टाकू लागलो. एक चिमूट तिची, तीन माझ्या. मासे मला ओळखू लागले. मी दिसलो की काचेला येऊन चिकटायचे, त्यातली मोठी मादी पुढे आणि धाकटा नर मागे. मीही हळूहळू स्टूल टाकून बसू लागलो. मोठीच्या डाव्या पट्ट्यात एक खाच आहे, धाकटा रोज त्याच दगडाआड निजतो, गोगलगाय रात्रीतून काच चाटून साफ करते, हे मला न विचारता कळत गेलं. (याला आवड म्हणत नाहीत. मशीनवर देखरेख म्हणतात.) कप मात्र कोरडाच.

एकोणचाळिसावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख, म्हणून निकाल द्यायला दिलीपराव आणि मेहुणी सकाळच्या बसनं लातूरहून निघाले होते. ऋतुजा फॉर्मची प्रिंट काढायला बाहेर गेली. मी कोरडा कप हातात घेऊन बसलो. उद्या साडूसमोर हा कप दाखवायचा? मोठं मशीन भांडून आणलं आणि चाळीस दिवसांत एक वाटी घाण निघाली नाही?

सुनंदा देवघरातून म्हणाली, "अहो, हा नारळ तसाच राहिला बघा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऋतू यायच्या आत उरका," ती म्हणाली.

पाच मिनिटांचं काम! स्किमरच्या नळकांड्याला हळद-कुंकवाची बोटं लावली. मनात माहूरच्या रेणुकामातेला हात जोडले. आणि टाकीच्या लोखंडी स्टँडच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. आता तीस वर्षांचा हात माझा. बोअरच्या केसिंग-पाइपावर एका घावात नारळ फोडणारा. ठरवलं होतं दोन थेंब शिंपडायचं. नारळ असा फुटला, की एक कवड हातात राहिली आणि दुसरी, पाण्यासकट, थेट खालच्या टाकीत!

क्षणभर काही झालं नाही. मग नळकांड्यातून आवाज आला, खळखळ. फेस! पांढराशुभ्र फेस सरसर वर चढला, कपात पडला, कप अर्धा झाला, भरला!

"सुनंदा! बघ! नारळच पाहिजे होता त्याला! चाळीस दिवस उपाशी ठेवला गं बिचाऱ्याला!"

मी ताबडतोब व्हिडिओ काढला आणि दिलीपरावांना पाठवला. खाली लिहिलं, "आता बोला." ते बसस्टँडवरून रिक्षात बसले होते. लगेच फोन आला.

"भाऊ, पाण्यात काय घातलं? मशीन बंद करा! आधी बंद करा!"

"जळून राहिलाव का, दिलीपराव?" म्हणून मी फोन ठेवला.

तोवर कप उतू गेला होता. फेस नळकांड्यावरून उतरला, वाटेत कुंकू भेटलं, गुलाबी झाला आणि हॉलभर निघाला. सहा फुटी टाकीचं मशीन पहिल्यांदाच पोटभर जेवत होतं! गालिच्याखाली फेस, सोफ्याच्या पायांना फेस, टीव्हीखाली फेस. सुनंदा फडकं टाकायची, फडकं फेसाखाली बुडून जायचं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की इतकं पाणी बाहेर येतंय तरी टाकी रिकामी होत नाहीये. कशी होईल? पातळी उतरली की वर मिळालेलं ते यंत्र इमानदारीनं ड्रममधलं साधं पाणी भरत होतं! खारं पाणी बाहेर, गोडं पाणी आत. फेस बाहेर, ड्रम आत. नांदेडात माझ्या हयातीत पहिल्यांदा एखादी टाकी न थांबता भरत होती आणि मी ती बंद करायला धडपडत होतो.

"बटण बंद करा की!" सुनंदा ओरडली.

बटणांचा बोर्ड स्टँडच्या मागे, फेसाच्या आत. तिथे ओला हात कोण घालणार? मी सरळ बाहेर धावलो आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. कूलर बंद. फ्रिज बंद. शेजारच्या खोलीतली वॉशिंग मशीन बंद. टाकी चालू! इन्व्हर्टर! माझ्याच हातानं जोडलेला इन्व्हर्टर!

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. दिलीपराव आत आले ते घोट्यापर्यंत गुलाबी झाले.

"भाऊ, काही समारंभ होता का?"

त्यांच्या मागून ऋतुजा आली, हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये फॉर्म. तिनं एकदा सगळीकडे बघितलं. फाइल मावशीच्या हातात दिली. जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर बंद केला, ड्रममधला पिटुकला पंप उचलून बाहेर काढला, स्किमरची पिन उपसली. खालच्या टाकीत हात घालून नारळाची कवड काढली आणि माझ्या हातावर ठेवली. प्रसाद दिल्यासारखी.

ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो, माझं ते रोजचं काम आहे. पण तिनं पाण्यातलं मीठ मोजायची काचेची नळी बुडवून बघितली. नळी पार खाली गेली. प्रवाळ सगळं मिटून बटणाएवढं झालेलं. मासे दगडाआड. ड्रम निम्म्यावर.

"एकदम मीठ घातलं तर धक्क्यानं मरतील," ती एवढंच म्हणाली. मग तिनं खाऱ्या पाण्याची बादली कपाटावर ठेवली आणि तिच्यातून बारीक नळी सोडून टाकीत थेंब थेंब पाणी द्यायला लावलं.

"सलाइन लावलं गं माय," मेहुणी म्हणाली, "झाली की पोरगी डॉक्टर!"

मला हसू आलं नाही. सौद्याप्रमाणे मी जिंकत होतो. एक जीव जरी गेला तरी पोरगी परत लातूरला, पुस्तकासमोर, कडुलिंबाच्या अलीकडच्या बोर्डावर. आणि मी मात्र दर दहा मिनिटांनी उठून त्या दगडाआड वाकून बघत होतो, मोठी हलतेय का, धाकटा श्वास घेतोय का. घासाघिशीत माणसानं कधी समोरच्याची बाजू घेऊ नये, हे मी किती पोरांना शिकवलंय!

चाळिसावा दिवस. सकाळी मोठी बाहेर आली. तिच्या मागून धाकटा. दहा वाजेपर्यंत प्रवाळाचे चार तुकडे उघडले, अकराला पाचवा. ऋतुजा पहिल्यांदा हसली. आणि तेवढ्यात दिलीपरावांनी चष्मा सावरला.

"ती गोगलगाय उताणी पडली हाय बघा."

सगळे वाकले. तळाशी गोगलगाय उताणी पडली होती, कालपासून हललेली नव्हती.

"भाऊ, मेली असली तर सौदा तुमचा," दिलीपराव गंभीरपणे म्हणाले. "एक जीव म्हणजे एक जीव."

ऋतुजाचा चेहरा उतरला. फॉर्म टेबलावर होता, पेन त्याच्यावर. मी तोंड उघडलं, आणि आतून आवाज निघाला तो असा :

"मेली कशी? झोपली असंल!"

"काल दुपारपासून?"

"थकली असंल! रात्रभर काच पुसायची म्हणजे काय सोपं काम हाय का? तुम्ही पुसलीव का कधी?"

"पण पप्पा, नियम..." ऋतुजा म्हणाली. स्वतःच्या विरुद्ध! पोरगी माझ्यापेक्षा इमानदार निघाली हे मला तिथेच कळलं.

"एकच खात्री हाय," दिलीपराव म्हणाले. "मेलेल्या गोगलगाईला भयंकर वास येतो. हुंगून बघावं लागंल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जन्माचा शाकाहारी. घरात अंड्याचं टरफल येऊ न देणारा. मी बाही वर केली, हात बुडवला, गोगलगाय बाहेर काढली आणि अख्ख्या सासुरवाडीसमोर नाकाला लावली. दीर्घ श्वास घेतला. फक्त समुद्र. मी कधीच न बघितलेला.

"वास न्हाई!"

आणि तिनं, माझ्या नाकाखालीच, आपलं बारीक झाकण आत ओढून घेतलं. खटकन दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर!

"जिवंत हाय! माझ्यावर चिडली! जिवंत हाय!"

ओल्या हातानं मी सही केली. फॉर्मवर आजही पाण्याचा डाग असेल. सही झाल्यावर पेनाचं टोपण लावता लावता सवयीनं निघून गेलं, "वर काय?"

"वर ही टाकी तुम्हाला, पप्पा," ऋतुजा म्हणाली.

मग चहाच्या वेळी दिलीपरावांना कंठ फुटला. मशीन मी निवडायची, ही अट त्यांनीच तिला सुचवली होती. "स्वतः भांडून आणलेल्या मशीनला भाऊ हरू देणार न्हाईत, हे मला माहीत होतं." आणि तो मोठा स्किमर? गफूरभाईंकडे तीन वर्षं धूळ खात पडून होता. कुणी फुकट नेईना. "त्या दिवशी तुम्ही रस प्यायला गेलाव ना भाऊ, तेव्हा गफूरभाई म्हणले, शेठ परत न्हाई आले तर मी बडा लेके उनके पीछे दौडूंगा." हा चहा माझ्या घरचा होता. मी दिलेल्या साखरेचा!

आता ऋतुजा समुद्राकाठी शिकतेय आणि समुद्र माझ्या हॉलमध्ये आहे. ती फोनवर आधी माशांची चौकशी करते, मग गोगलगाईची आणि वेळ उरला तर माझी. ड्रमच्या जागी लहान बादली आहे. कप अजून कोरडाच आहे आणि मी अजून जेवता जेवता उठतो. तीस वर्षं बाजाराला न फसलेल्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच नारळानं, त्याच्याच ड्रमनं आणि त्याच्याच इन्व्हर्टरनं बुडवलं, याचा जाब कुणीतरी द्यायलाच पाहिजे! दिलीपराव म्हणतात, मी न्हाई. गफूरभाई म्हणतात, आप खुद लेके गये. सुनंदा नुसतं माझ्याकडे बोट दाखवते. हे चालायचं नाही. जो कोणी असेल त्यानं पुढे यावं, समोर बसावं आणि जाब द्यावा. आणि येताना लहान मापाचा एक स्किमर घेऊन यावं. मी मोठ्याच्या भावात घ्यायला तयार आहे. वर काही नको!